बालकांची वाणी आणि आपले घर

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त केडगाव येथे झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात लहान बालकांच्या बोलण्याविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी शिक्षक नाही, वैद्यही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चार दशके कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. तथापि ज्याचे सारे आयुष्य बोलण्यावरच चालले, त्याला बोलण्याचे मोल थोडेफार कळते, असे म्हणण्यास हरकत नसावी. नातवंडांच्या निमित्ताने या विषयावरील काही वाचन झाले, काही डॉक्टर मित्रांशी चर्चा झाली. त्यातून जे समजले ते आपल्यासमोर ठेवतो.

आपली संस्था दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करते, गरजूंना शिष्यवृत्ती देते. हे कार्य स्तुत्यच आहे. परंतु मुलाच्या शिक्षणाचा पाया ज्या तीन वर्षांत घातला जातो, ती जन्मापासूनची पहिली तीन वर्षे आपल्या कोणाच्याच हिशेबात नसतात. त्या काळात शाळा नसते, शिकवणी नसते, प्रगतिपुस्तक नसते. असते ते केवळ घर. म्हणून आजचा विषय घराचा आहे.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर बोलणे हा खर्च आहे आणि ऐकणे ही जमा आहे. मूल वर्षाचे होताना पहिला शब्द उच्चारते, तेव्हा आपण पेढे वाटतो. पण त्या एका शब्दाच्या खर्चामागे वर्षभराची जमा असते. किंबहुना वर्षाहूनही अधिक, कारण गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येऊ लागलेले असते आणि जन्मतःच ते आपल्या आईचा आवाज ओळखते. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरे घोळवू लागते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द जमतात आणि ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू होते. तिसऱ्या वर्षाअखेर मूल छोट्या वाक्यांत बोलते आणि ते बहुतांशी परक्या माणसालाही समजते. यात चार-दोन महिन्यांचे पुढे-मागे होतेच. पण जमेच्या बाजूस काही टाकले नाही आणि खर्चाची अपेक्षा धरली, तर तो ताळेबंद जुळणार कसा?

आता जमा म्हणजे केवळ आवाज कानावर पडणे नव्हे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल या विदुषींनी एक प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. एका गटासमोर चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, बाळांशी खेळली, पुस्तकातील चित्रे दाखवून बोलली. अशा बारा बैठका झाल्या. त्या बाळांना चिनी भाषेतील ध्वनींचे बारकावे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तेच बोलणे तितक्याच वेळा पडद्यावर दाखविले. ती बाळे काहीही शिकली नाहीत. बाळ माणसाकडून भाषा घेते, पडद्याकडून घेत नाही, हा त्या प्रयोगाचा बोध आहे.

आणि आपल्या घरांत आज काय दिसते? बाळ जेवत नाही म्हणून समोर मोबाईल, रडते म्हणून मोबाईल, पाहुणे आले म्हणून मोबाईल. आई स्वयंपाकात, वडील रात्री साडेनऊला दुकान वाढवून घरी येणार, आजी-आजोबा गावाकडे. तेव्हा पडदा हाच सांभाळणारा होतो. मी कोणाला दोष देत नाही. एकत्र कुटुंबात जे काम पाच-सहा माणसांत वाटले जात असे, ते आज एकट्या आईवर आले आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला आपण जाणून घ्यावा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला पडदा दाखवू नये आणि त्यानंतर दिवसाला एक तासापेक्षा अधिक दाखवू नये. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही अशीच शिफारस आहे. परगावी असलेल्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे ही वेगळी गोष्ट होय. तेथे पलीकडे माणूस असतो, तो बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देतो.

बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत पुढाकार घेतला. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तेथून कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येत ना, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले, दगड-माती हेच साहित्य झाले. मुलाला रोज दिसणाऱ्या वस्तूंवरूनच त्याचे बोलणे, मोजणे, ओळखणे फुलले. आज प्रत्येक गावात परिचित असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे कोसबाडचा हा अनुभव उभा आहे. जे वारली पाड्यावर साधले, ते आपल्या भरल्या घरात का साधू नये? भाषा शिकविण्यास लागणारे सारे साहित्य आपल्या स्वयंपाकघरात आणि दुकानात पडलेले आहे.

उदाहरण माझ्याच व्यवसायाचे देतो. घरी कपड्यांच्या घड्या करताना दोन वर्षांच्या मुलाला शेजारी बसवावे. ‘हा आजोबांचा सदरा. याची बाही धर. ही आईची साडी, किती लांब! हा काठ, हा पदर. हे मऊ आहे, हे खरखरीत आहे. आता आडवी घडी घालू, आता उभी.’ दहा मिनिटांच्या कामात नाम आले, क्रियापद आले, विशेषण आले, मोठे-लहान, वर-खाली आले. तीच गोष्ट मेथी निवडताना, कणीक मळताना, अंगाला तेल लावताना. बाळ बोलत नाही, मग त्याच्याशी काय बोलायचे, असे काही तरुण माता विचारतात. त्यांना माझे उत्तर असे की, गिऱ्हाईक बोलत नसले तरी आपण ठाण उलगडतोच ना? त्याची नजर कोणत्या रंगावर थांबते ते पाहतो आणि तोच ठाण पुढे करतो. बाळाची नजर जिथे जाते, तिथे आपले बोलणे जावे. त्याने मांजराकडे पाहिले, तर मांजराविषयी बोलावे. आणि बोलून झाले की थांबावे. त्याचा हुंकार, त्याचे हातवारे हे त्याचे उत्तर असते. त्या उत्तराला पुन्हा आपण उत्तर द्यावे. संभाषण असे जन्मते.

आता आपल्या समाजाच्या विशेष प्रश्नाकडे वळतो. आपल्या घरांत तीन-चार भाषा एकत्र नांदतात. कोणाच्या घरी मारवाडी, कोणाच्या घरी गुजराती, दुकानात आणि शेजारी मराठी, शाळेत इंग्रजी, दूरदर्शनवर हिंदी. आजी ‘अठै आव’ म्हणते, आई ‘इकडे ये’ म्हणते आणि शाळेतील बाई ‘कम हियर’ म्हणतात. यामुळे मूल गोंधळते आणि उशिरा बोलते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. अभ्यासकांचे मत तसे नाही. दोन भाषांत वाढणारे मूल एखादा शब्द या भाषेतला आणि एखादा त्या भाषेतला वापरते; दोन्ही मिळून मोजले, तर त्याची शब्दसंपत्ती इतर मुलांच्या बरोबरीची असते. भाषांची सरमिसळ हा त्या वयाचा स्वाभाविक टप्पा आहे.

याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी महाराज साहेब यांचा जन्म १९०० साली आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी या खेड्यात झाला. पुढे संस्कृत, प्राकृत, हिंदी अशा अनेक भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. बालपणीची भाषा त्यांच्या आड आली नाही. आणि भगवान महावीरांनी उपदेशासाठी विद्वानांची भाषा न घेता सामान्य जनांना कळणारी अर्धमागधी घेतली, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, मुलाला इंग्रजी यावे या तळमळीने काही पालक ज्या भाषेत स्वतःला चार-दोनशे शब्दच ठाऊक आहेत, त्याच भाषेत बाळाशी बोलू लागले आहेत. ‘वॉटर पी’, ‘शूज घाल’, ‘डॉगी बघ’ इथवर गाडी येते आणि थांबते. पुढे त्या कुत्र्याचे शेपूट का हलले, तो सावलीत का बसला, हे सांगण्यास शब्द नसतात. आजी मारवाडीत गोष्ट सांगू लागली, तर तिलाही गप्प केले जाते. व्यापारातील जुना नियम आहे की, ज्या मालाची आपल्याला पारख आहे तोच माल दुकानात ठेवावा. ज्या भाषेत आपल्याला मनापासून रागावता येते, समजावता येते, हसविता येते, ती भाषा बाळाला द्यावी. ती मारवाडी असो, गुजराती असो वा मराठी. इंग्रजी शाळेत जरूर शिकावी, उत्तम शिकावी. परंतु पहिली भाषा भक्कम असेल, तर तिच्या आधाराने दुसरी सहज चढते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

या संदर्भात फलटणचे नाव घ्यावेसे वाटते. ते गाव आपल्या समाजाला परिचित आहे. तेथे १९६६ साली मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या माणसांच्या मराठी बोलण्यात समाजगटांनुसार कसा फरक पडतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. पुढे त्यांनी तेथेच मुलांच्या शिक्षणाचे मोठे कार्य उभे केले. परदेशातून आलेली एक विदुषी आपल्या बोलीकडे इतक्या आदराने पाहते. आपण मात्र घरातील बोलीला गावंढळ समजून मुलांसमोर ती बोलण्यास लाजतो. ज्या घरात आजीच्या बोलण्याला हसले जाते, त्या घरातील मूल बोलण्यापूर्वी दोनदा विचार करते.

आता थोड्या व्यावहारिक सूचना करतो. पहिली, बाळाशी सुरेल, लांबवलेल्या स्वरात बोलणे हे शास्त्रालाही मान्य आहे. आपल्या आज्या हेच करीत. पण शब्द मात्र पूर्ण आणि शुद्ध वापरावेत. बाळ ‘ताती’ म्हणाले, तर त्याची नक्कल करू नये, टोकूही नये. ‘हो, काकी आली,’ असे म्हणून योग्य शब्द त्याच्या कानावर घालावा. दुसरी, त्याच्या बोलण्यात एका शब्दाची भर घालावी. ते ‘गाडी’ म्हणाले, तर आपण ‘कांद्याची गाडी’ म्हणावे. आपल्या पुणे रस्त्यावर नेप्तीच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची काही उणीव नाही. तिसरी, एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगण्याचा कंटाळा करू नये. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा दार ठोठावतो आणि चिमणी प्रत्येक वेळी बाळाचे नवे काम सांगते. त्या पुनरुक्तीतूनच मूल वाक्याचा साचा आणि घटनांचा क्रम उचलते. चौथी, नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेतून मुलाला फिरवून आणले, की घरी येऊन ‘काय काय पाहिलेस?’ असे विचारावे. समोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलता येणे ही फार वरची पायरी आहे. पाचवी, तीन-चार वर्षांचे मूल बोलताना अडखळले, तर त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये, ‘नीट बोल’ असेही म्हणू नये. शांतपणे ऐकावे. या वयातील अडखळणे बहुधा आपोआप जाते. मात्र काही महिने ते टिकले किंवा बोलताना मूल ताण घेऊ लागले, तर तज्ज्ञास दाखवावे.

आणि वडिलांसाठी एक वेगळी सूचना. एका सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. दिवसातून तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बाळासाठी राखावा. सूर्यास्तापूर्वी भोजनाची आपली परंपरा ज्या घरांत चालू आहे, तेथे तर सर्वांनी एकत्र बसण्याची ही वेळ आयतीच मिळालेली आहे. दुकानात असणाऱ्यांनी सकाळची वेळ काढावी, पण काढावी.

यानंतरचा भाग मी अधिक गांभीर्याने सांगणार आहे. आपल्या परिचयातील एका घरात अडीच वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. वडीलधाऱ्यांनी सांगितले, मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही उशिरा बोलले होते, घरात तीन भाषा आहेत म्हणून वेळ लागतो आहे. वेखंड उगाळून चाटविणे झाले. थाळी वाजविली की तो वळून पाही, म्हणून ऐकू येते असे सर्वांनी गृहीत धरले. तिसऱ्या वर्षी कानांची तपासणी झाली आणि त्याला अत्यल्प ऐकू येते असे निष्पन्न झाले. थाळीचा कंप त्याला जाणवत होता, शब्द ऐकू येत नव्हते. आता श्रवणयंत्र आहे, वाचोपचार सुरू आहेत, मुलगा प्रगती करीत आहे. परंतु जमा करण्याची जी पहिली तीन वर्षे होती, ती शांततेत गेली.

बंधू-भगिनींनो, दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना श्रवणदोष असू शकतो. तो चेहऱ्यावर दिसत नाही. बाळ झोपलेले असताना कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, अजिबात न दुखणारी तपासणी आज उपलब्ध आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांचा आरंभ, असा जगभरातील तज्ज्ञांचा दंडक आहे. मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाने वाणी व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला. त्यात श्रवणदोष आणि भाषेतील विलंब यांची तपासणी अंतर्भूत आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. साहाय्य उपलब्ध आहे. आपण वेळेवर जाणे आवश्यक आहे.

केव्हा जावे, हे लक्षात ठेवा. नऊ-दहा महिन्यांचे बाळ अक्षरे घोळवीत नसेल. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोटाने वस्तू दाखवीत नसेल. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नसेल. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जात नसतील. किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द जाऊ लागले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. डोळ्यांत पाहणे टाळणारे, आपल्यातच गुंग राहणारे मूल असेल, तरीही विलंब करू नये. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार तर मुळीच करू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला. निघाले आणि आपण गेलो नव्हतो, तर वर्षे जातात.

शेवटी संस्थेच्या विश्वस्तांना दोन नम्र सूचना करतो. आपल्या आरोग्य शिबिरांत मधुमेह आणि रक्तदाब तपासला जातो. या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून त्यात दोन वर्षांखालील बालकांच्या श्रवण तपासणीचा समावेश व्हावा. ती जातीधर्माचा भेद न करता केडगावातील सर्व बाळांसाठी खुली असावी. दुसरे, रविवारच्या पाठशाळेआधी अर्धा तास आपल्या ज्येष्ठ भगिनींनी लहानग्यांना आपापल्या बोलीत गोष्टी सांगाव्यात. त्यासाठी निधी लागणार नाही. एक सतरंजी आणि एक आजी पुरेशी आहे.

आपण मुलांसाठी दुकान ठेवू, घर ठेवू, ठेवी ठेवू. त्या सर्वांआधी त्यांना देण्यासारखी एक ठेव आहे. तिच्यावर कर नाही, तिची वाटणी करावी लागत नाही आणि ती वापरल्याने वाढते. आज सायंकाळी घरी गेल्यावर तिचा पहिला हप्ता भरावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.